आल्फ्रेड वेगेनर : भूखंडांच्या प्रवासाचा शोधयात्री

वर्गाच्या भिंतीवरील जगाच्या नकाशाकडे लक्षपूर्वक पाहिले, तर दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे वाटते. हे साम्य पूर्वीही काहींनी पाहिले होते. परंतु त्यामागील कारणाचा पाठपुरावा अखेरपर्यंत केला तो जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. वडील धर्मोपदेशक व शिक्षक होते आणि अनाथ मुलांच्या वसतिगृहाचा कारभार पाहत. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण त्यांचे मन हवामानशास्त्राकडे ओढले गेले. १९०६ मध्ये बंधू कुर्ट यांच्यासमवेत त्यांनी सलग ५२ तासांहून अधिक काळ बलूनमधून उड्डाण करून विक्रम नोंदवला. त्याच वर्षी ते ग्रीनलँडच्या पहिल्या मोहिमेवर निघाले. त्या हिमभूमीचे आकर्षण त्यांना जन्मभर पुरले.

जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफर्ट येथील भूवैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी आपला भूखंडवहनाचा विचार मांडला. पुढे पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. दुखापतीतून सावरत असताना त्यांनी तो विचार ग्रंथरूपाने सिद्ध केला आणि १९१५ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एके काळी सर्व खंड एकत्र होते आणि कालांतराने ते विलग होऊन दूर सरकले, असे त्यांचे प्रतिपादन होते. खंडांचे हलके खडक खालच्या जड थरावर, पाण्यावरील हिमखंडाप्रमाणे, तरंगत असतात, असे ते मानत. पुरावे त्यांनी अनेक शास्त्रांतून गोळा केले. मेसोसॉरस या लहानशा सरीसृपाचे जीवाश्म ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका येथे आढळतात. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने दक्षिणेकडील खंडांत तशीच भारतातही सापडतात. आपल्या विदर्भातील कोळसाक्षेत्राच्या खडकांतही त्यांचे ठसे आहेत. आज उष्ण असलेल्या या प्रदेशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणाही दिसतात.

तरीही बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी हा सिद्धांत नाकारला. हवामानशास्त्रज्ञाने भूशास्त्रात लक्ष घालावे, हेच अनेकांना रुचले नाही. मात्र त्यांचा एक आक्षेप खरोखरच वजनदार होता. खंड सरकवणारी शक्ती म्हणून वेगेनर यांनी पृथ्वीचे परिवलन व भरती-ओहोटी यांच्याशी निगडित बले सुचवली होती आणि ती फारच क्षीण असल्याचे गणिताने सिद्ध झाले. वेगेनर यांनी टीकेला कटुतेने उत्तर दिले नाही; नव्या पुराव्यांची भर घालून त्यांनी १९२९ पर्यंत ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. १९२४ पासून ते ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात प्राध्यापक होते.

१९३० मध्ये ते ग्रीनलँडच्या मोहिमेचे प्रमुख म्हणून गेले. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, हिमाच्छादित पठाराच्या मध्यभागी असलेल्या तळावरील दोन सहकाऱ्यांना हिवाळ्यापुरती सामग्री पोहोचली नव्हती. ती नेण्यासाठी वेगेनर स्वतः निघाले. भयंकर थंडीमुळे सोबतचे बहुतेक लोक परतले. वेगेनर, लोवे आणि तरुण ग्रीनलँडवासी रासमुस विलुमसेन हे तिघेच तळावर पोहोचले, तेही बहुतेक सामान वाटेत टाकून. पाच जणांचा हिवाळा निघेल इतके अन्न तेथे नव्हते. लोवे यांच्या पायांची बोटे हिमदंशाने निकामी झाली होती, म्हणून त्यांना तेथे ठेवून वेगेनर व विलुमसेन परत निघाले. तो दिवस वेगेनर यांचा पन्नासावा वाढदिवस होता. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह बर्फात व्यवस्थित पुरलेला आढळला. जागेची खूण म्हणून त्यांच्या स्की उभ्या रोवलेल्या होत्या. ही अखेरची सेवा करणारे विलुमसेन मात्र कधीच सापडले नाहीत. तळावरील तिघे जण हिवाळ्यातून वाचले.

पुढे भूकंपलहरींच्या अभ्यासातून भूकवच, प्रावरण आणि गाभा ही पृथ्वीची स्तररचना अधिक स्पष्ट झाली. प्रावरणातील तप्त खडक अतिमंद गतीने अभिसरण करतात, हा विचार पुढे आला. १९६० च्या दशकात सागरतळ विस्तारत असल्याचे पुरावे मिळाले आणि भूपट्टांचा सिद्धांत मान्य झाला. भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, हे आज उपग्रहांच्या साहाय्याने मोजता येते.

खंड कशामुळे सरकतात, याचे वेगेनर यांचे उत्तर चुकले. परंतु ते सरकतात, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. ही मान्यता पाहण्यास ते हयात नव्हते. विद्यार्थी मित्रांनो, नकाशाकडे पाहताना मनात उठलेला प्रश्न साधा म्हणून सोडून देऊ नका, आणि विरोध झाला म्हणून पुरावे शोधणे थांबवू नका.