कोबोलच्या ‘आजीबाई’ ग्रेस हॉपर

कॉम्प्युटरची एखादी भाषा सगळीकडे सारखीच असावी, हे ठरवतं कोण? मशीन बनवणारी कंपनी, ते विकत घेणारं सरकार की प्रोग्राम लिहिणारी माणसं? ग्रेस हॉपर यांचं आयुष्य पाहिलं की याचं उत्तर मिळतं.

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. व्हासार कॉलेजात शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्या अमेरिकन नौदलात दाखल झाल्या. तिथून त्यांची नेमणूक झाली हार्वर्डमधल्या मार्क-१ या अवाढव्य यंत्रावर.

युद्धानंतर त्या खासगी कंपनीत गेल्या. साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येईल अशी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा त्यांच्या टीमने तयार केली. पण ती होती युनिव्हॅक मशीनसाठी. तेव्हा ज्याची त्याची भाषा वेगळी. मशीन बदललं की प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहा! पैसा आणि वेळ, दोन्ही पाण्यात.

यावर तोडगा काढायला मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक बसली. विकणारे आणि घेणारे एकत्र आले. सहा कंपन्या आणि तीन सरकारी संस्थांच्या समितीने ‘कोबोल’चा आराखडा केला. गंमत म्हणजे कोबोलची आजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉपर या समितीत नव्हत्याच! त्या वरच्या कार्यकारी समितीच्या सल्लागार होत्या. कोबोलवर फ्लो-मॅटिकची छाप मात्र ठळक पडली.

तरी प्रश्न मिटला नाही. नाव कोबोलच, पण प्रत्येक कंपनी त्यात आपलं काहीतरी घुसडायची. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपरना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, ते यासाठीच. त्यांच्या गटाने चाचणीचे प्रोग्राम तयार केले. कंपनीचं कोबोल खरोखर नियमाप्रमाणे चालतं का, हे त्यातून उघड व्हायचं. विकत घेणाराच तपासायला बसला म्हटल्यावर कंपन्यांनाही ताळ्यावर यावं लागलं.

सहा महिन्यांचं ते काम लांबतच गेलं. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

नियम समितीत बसून लिहिता येतात. ते पाळले जातात की नाही हे बघायला मात्र कुणीतरी चिवट माणूस लागतो. हॉपर यांनी ते काम केलं.