व्हिन्सेंट रॅपिड: सिरीज ए ते डी, आणि ती बनवणारा माणूस

आर15 घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न असतो, व्ही3 की व्ही4? 155 सीसी तेवढंच, पण व्ही4 ला पुढे उलटे फोर्क आले, मग चर्चा रात्रभर. व्हर्जनची ही भानगड जपानी कंपन्यांनी आणली असं वाटत असेल, तर इंग्लंडमधल्या फिलिप व्हिन्सेंटची ओळख करून घ्या. त्याच्या गाड्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं होती, आणि प्रत्येक अक्षरामागे आधीच्या गाडीतली एखादी खोड काढलेली असायची. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते रिलीज नोट्ससारखं वाचायला आवडतं.

फिलिप कॉनराड व्हिन्सेंट 1908 साली लंडनमध्ये जन्मला. घरच्यांची अर्जेंटिनात गुरांची मोठी रँच, त्यामुळे लहानपण तिकडे गेलं. पुढे हॅरो शाळा, मग केंब्रिजला इंजिनिअरिंग. थोडक्यात, पोरगा पैसेवाल्यांचा. पण 1928 साली, विशीत, त्याने मागच्या चाकाच्या सस्पेन्शनचं पेटंट घेतलं. त्या काळात बहुतेक मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं, चाक सरळ फ्रेमला ठोकलेलं आणि स्प्रिंग फक्त सीटखाली. व्हिन्सेंटने मागचा अख्खा भाग एक त्रिकोण म्हणून बनवला आणि तो त्रिकोण सीटखालच्या स्प्रिंगवर टेकवला. आज आपण मोनोशॉक म्हणतो, त्याच घराण्यातली ही कल्पना.

त्याच वर्षी घरच्या पैशातून त्याने एचआरडी हे बंद पडलेल्या कंपनीचं नाव विकत घेतलं. हॉवर्ड डेव्हिस या रेसरने 1925 ची सीनियर टीटी आपल्या स्वतःच्या एचआरडी गाडीवर जिंकली होती, त्यामुळे नावाला वजन होतं. कारखाना उभा राहिला स्टीव्हनेजला.

इंजिनं मात्र बाहेरून आणलेली. 1934 च्या आयल ऑफ मॅन टीटीत जेएपी इंजिनांच्या त्यांच्या गाड्या रेस पूर्ण करू शकल्या नाहीत. मग व्हिन्सेंट आणि त्याचा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर फिल आयर्व्हिंग यांनी ठरवलं, आता इंजिन आपलंच. काही महिन्यांत 499 सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन तयार झालं, 84 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोक. त्यात कॅमशाफ्ट वर घेतला होता म्हणून पुशरॉड आखूड, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एकाऐवजी दोन गाइड. रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावर न बसता त्या दोन गाइडच्या मधे काम करायचा. असलं काम स्वस्तात होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढचा किस्सा प्रसिद्ध आहे. आयर्व्हिंगच्या टेबलावर त्याच इंजिनाची दोन ड्रॉइंग एकावर एक तिरकी पडली होती आणि त्याला त्यात व्ही आकार दिसला. 499 दुणे 998. अशी 1936 साली सिरीज ए रॅपिड आली. व्ही-ट्विन, सिलिंडरमधला कोन साधारण 47 अंश, 45 हॉर्सपॉवर, वेग ताशी 110 मैल म्हणजे 177 किमी. दुखणी दोन होती. ऑइलचे पाइप सगळे बाहेरून फिरवलेले, लोक तिला प्लंबरचं दुःस्वप्न म्हणायचे. आणि क्लच-गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, त्याला एवढा टॉर्क झेपायचा नाही.

युद्धात मोटरसायकली बंद, कारखान्यात लष्करी काम. पण डोकी चालूच होती, आणि 1946 ला आलेली सिरीज बी ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वात मोठी उडी. कोन 50 अंश झाला. गिअरबॉक्स इंजिनाच्याच केसमध्ये आला. ऑइलचे पाइप बरेचसे आत गेले. क्लच नवा, इंजिनाच्या जोरानेच स्वतःला घट्ट करणारा, त्यामुळे लिव्हर हलका. आणि फ्रेम? जवळजवळ काढूनच टाकली. इंजिन हाच गाडीचा कणा. वर पोलादी पत्र्याची एक पोकळ पेटी, तिला पुढे हँडलची बाजू आणि खाली इंजिनाची डोकी बोल्टने जोडलेली, आणि त्याच पेटीत ऑइल भरायचं, म्हणजे टाकीचं कामही तिनेच केलं. मागचा त्रिकोण थेट गिअरबॉक्सच्या केसला. व्हीलबेस 56.5 इंच, म्हणजे 1000 सीसीची गाडी त्या वेळच्या 500 सीसीच्या मापात बसली. प्रत्येक चाकाला दोन-दोन ड्रम ब्रेक, आणि चाक काढायला पाना लागत नव्हता, हाताने फिरवायचे दांडे होते.

1948 ला ब्लॅक शॅडो आली. इंजिन तेच, पण कॉम्प्रेशन 6.8 वरून 7.3, कार्ब्युरेटर जरा मोठे, आतले भाग निवडून आणि पॉलिश करून बसवलेले. 55 हॉर्सपॉवर, ताशी 125 मैल म्हणजे 200 किमी. इंजिनावर काळं एनॅमल आणि समोर पाच इंची स्पीडोमीटर, 150 मैलांपर्यंत आकडे असलेला. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर 47 वर्षांच्या रोली फ्रीने रेससाठी तयार केलेली व्हिन्सेंट 150.313 मैल वेगाने पळवली. आधीच्या फेरीत लेदरचे कपडे वाऱ्याने फाटले, म्हणून पठ्ठ्या पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर आडवा झाला. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

मग सिरीज सी. इंजिनात फार बदल नाही, बदल सस्पेन्शनमध्ये. बीचा पुढचा चिमटा बाहेरून घेतलेला गर्डर फोर्क होता. सीला स्वतःचा गर्ड्रॉलिक आला, हलक्या धातूचे घडवलेले दांडे आणि मधे हायड्रॉलिक डॅम्पर. साइडकार लावायची तर त्यातले एक्सेंट्रिक फिरवून भूमिती बदलता यायची. मागेही घर्षणाच्या डॅम्परऐवजी हायड्रॉलिक. टाकीवरचं एचआरडी याच सुमारास गेलं, कारण अमेरिकेत लोकांना ते हार्ले-डेव्हिडसनचं वाटायचं.

एवढं होऊनही 1949 ला कंपनी कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात गेली, आणि आयर्व्हिंग ऑस्ट्रेलियाला परतला. त्याआधी 1947 ला टेस्ट राइडमध्ये व्हिन्सेंटच्या डोक्याला मार बसला होता. लोक कारण म्हणून नशिबाकडे बोट दाखवतात. मला हिशेब सरळ दिसतो. दोन गाइडचे व्हॉल्व्ह, चार ब्रेक, हाताने जुळवलेलं इंजिन, हे सगळं करून गाडी मोजक्याच लोकांना परवडणार.

1954 ला सिरीज डी आली, ब्लॅक नाइट आणि ब्लॅक प्रिन्स. अख्खी गाडी फायबरग्लासने झाकलेली, म्हणजे ऑफिसचे कपडे घालून लांब जाता यावं. मॅग्नेटोऐवजी कॉइल इग्निशन, मागे एकच स्प्रिंग-डॅम्पर. कल्पना काळाच्या पुढची, पण बाहेरून येणारे फायबरचे भाग वेळेवर येईनात, म्हणून काही गाड्या उघड्याच विकाव्या लागल्या. 16 डिसेंबर 1955 ला शेवटची व्हिन्सेंट कारखान्यातून निघाली. व्हिन्सेंट तेव्हा 47 चा. पुढे त्याला मोटरसायकलचा कारखाना पुन्हा उभा करता आला नाही, आणि 1979 ला तो गेला.

2018 ला लास व्हेगासच्या लिलावात एक ब्लॅक लायटनिंग, म्हणजे शॅडोची रेसिंग आवृत्ती, 9,29,000 डॉलरला गेली. एवढा पैसा आला की नकला आल्याच. रॅपिड आणि शॅडो यांत फरक इतका कमी की काळं एनॅमल मारून शॅडो बनवणं अवघड नाही, आणि बीला सीचा चिमटाही बसतो. म्हणून जाणकार आधी इंजिन नंबर बघतात. एफ10एबी नंतर नुसता 1 असेल तर रॅपिड, 1बी असेल तर शॅडो, 1सी असेल तर लायटनिंग. मग वरच्या पेटीवरचा नंबर मागच्या त्रिकोणावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहतात.