आनंदीबाईंची मागणी

आजच्या पालघर जिल्ह्यातील बेटेगाव, बोईसर, तारापूर ही गावे २०१४ सालापर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असत. त्याच ठाणे जिल्ह्यात कल्याण हे जुने व नावाजलेले शहर आहे. तेथील गणपतराव जोशी यांच्या कुटुंबात ३१ मार्च १८६५ रोजी एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली.

मुलीच्या हाती पुस्तक दिसणे त्या काळी पुष्कळांना अशुभ वाटे. गोपाळरावांना मात्र पत्नीला शिकवण्याचा ध्यास होता. पण त्यांचा स्वभाव फार तापट. अभ्यासात चूक झाली की ते रागावत, प्रसंगी मारीतही. आनंदीबाई मुकाट्याने सोसत आणि शिकत राहिल्या. आपल्याला स्वतःला काय हवे आहे, हे विचारणारे कोणी नव्हते आणि सांगण्याचे धैर्य अजून आले नव्हते.

१८७८ साली त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. या दुःखाने आनंदीबाईंचे मन होरपळून निघाले, पण त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी कारणांचा विचार केला. आजारी स्त्रिया संकोचामुळे पुरुष वैद्यांना आपले दुखणे सांगत नाहीत, आणि स्त्री डॉक्टर तर कोठेच आढळत नाहीत, हे त्यांना दिसून आले. आपणच डॉक्टर व्हावे, असा निश्चय त्यांनी केला. आपली गरज कोणती, हे आता त्यांना नेमके कळले होते.

अमेरिकेतील कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी गोपाळरावांचे पत्र एका मासिकात वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अमेरिकेस जाऊन वैद्यक शिकण्याचा बेत ठरला. परंतु एका हिंदू स्त्रीने पतीला सोडून एकटीने समुद्र ओलांडावा, ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. कोणी हसले, कोणी निंदा केली, कोणी वाळीत टाकण्याचे भय घातले.

त्या वेळी हे दांपत्य बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर येथे राहत होते. लोकांच्या टीकेला रागाने उत्तर देणे सोपे होते आणि गप्प बसणे त्याहून सोपे होते. आनंदीबाईंनी दोन्ही मार्ग टाळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष होते. समोर भारतीय व युरोपीय श्रोते होते. भाषण इंग्रजीत होते.

लोक आपल्याला जे प्रश्न विचारीत, तेच त्यांनी एकेक करून पुढे घेतले आणि प्रत्येकाचे शांतपणे उत्तर दिले. अमेरिकेसच का जायचे? तर येथे स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची पुरेशी सोय नाही म्हणून. एकटीनेच का? तर घरच्या माणसांचा भार पतीवर आहे म्हणून. धर्म बुडेल काय? नाही, कारण आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. संकट आले तर? संकटे घरी बसूनही चुकत नाहीत. त्यांनी कोणाची टर उडवली नाही, कोणाला मूर्ख ठरवले नाही आणि आपला निश्चयही तसूभर ढळू दिला नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्या. फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपली परिस्थिती निराळी आहे, तेव्हा सहानुभूतीने विचार व्हावा, अशी विनंती त्यांनी केली. स्वतःच्या सुखासाठी आपण काहीच मागत नाही. देशभगिनींची सेवा करण्यास जे शिक्षण लागते, तेवढेच नम्रपणे मागतो, असे त्यांनी कळवले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश तर दिलाच, शिवाय शिष्यवृत्तीही दिली.

तेथील कडाक्याची थंडी आणि परके अन्न यांमुळे त्यांची प्रकृती ढासळू लागली. तरीही त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. अभ्यासातही खंड पडू दिला नाही.

सर्वांत अवघड बोलणे मात्र घरच्या माणसाशी होते. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी सोसलेल्या माराची व धाकाची आठवण त्यांना करून दिली. त्यांनी शिकवले म्हणूनच आपण शिकलो, हे त्या विसरल्या नव्हत्या. परंतु ते वागणे योग्य होते की अयोग्य, हे ठरवणे कठीण आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पत्नीला मुकाट्याने सोसण्यावाचून गत्यंतर नसते, हेही त्यांनी दाखवून दिले. इतकी वर्षे मनात कोंडलेले दुःख त्यांनी एकही अपशब्द न वापरता सांगितले. उपकार मानणे आणि अन्याय सांगणे या दोन गोष्टी एकाच पत्रात शोभून दिसल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकात पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या क्षयाने जर्जर होऊन. हाती आलेले काम सुरू करण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंना एकाही रोग्यावर कोल्हापुरात उपचार करता आले नाहीत. तरी त्यांचे आयुष्य वाया गेले, असे कोण म्हणेल? जी वाट त्यांनी मागून घेतली, त्या वाटेने पुढे शेकडो मुली गेल्या. मुलांनो, वर्गात फळा दिसत नसेल, धडा समजला नसेल, घरी अभ्यासाला वेळ मिळत नसेल, तर ते मनात दडवून ठेवू नये. त्यासाठी आदळआपटही करू नये. गरज कोणती ते नीट ओळखावे, तिचे कारण सांगावे, समोरच्याची शंका ऐकून घ्यावी आणि आपली मागणी आदराने मांडावी. विनय म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे कल्याणच्या या मुलीने दाखवून दिले आहे.