ना बीए, ना पीएचडी. तरी मुरूडच्या या मास्तरांचा ग्रंथ खगोलाच्या अभ्यासकांना आजही उघडावा लागतो

मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूर सोडलं की कशेडी घाट लागतो. आता बोगदा झालाय, त्यामुळे वळणं बरीचशी चुकतात. पलीकडे उतरलं की खेड, तिथून दापोली आणि पुढे समुद्राला लागून मुरूड. हे गाव बहुतेकांना महर्षी कर्व्यांमुळे माहीत असतं. पण याच गावात १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले.

आज खगोलशास्त्रात पीएचडी करायची तर आधी बहुतेक वेळा फिजिक्समध्ये एमएससी, मग नेट, जेस्ट यांसारखी परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क आणि शेवटी प्रबंध. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार त्याला किमान तीन वर्षं. प्रबंधाची मुख्य अट एकच, त्यात आधी कुणी न केलेलं संशोधन हवं.

दीक्षितांकडे यातलं पहिलं काहीच नव्हतं. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले, पुढे मॅट्रिक झाले आणि शाळामास्तर झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत राहिल्या. गणितं मात्र सुटली नाहीत.

आणि ती गणितं साधी नव्हती. गुप्त राजांचा शक नेमका कधी सुरू झाला, यावर तेव्हा मोठा वाद होता. मध्य प्रदेशातल्या एरणच्या शिलालेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार एवढंच कोरलंय. तिथी आणि वार एकत्र जुळणारा दिवस दीक्षितांनी काढला, २१ जून ४८४. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये गुप्त शिलालेखांचा जो ग्रंथ छापला, त्याला या आकडेमोडीचा मोठा आधार होता.

दुसरं काम तर त्याहून धाडसी. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं शतपथ ब्राह्मणात म्हटलंय. आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत होते. मग कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या? दीक्षितांचं उत्तर होतं, इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. त्यावरून ग्रंथाचा काळ ठरवावा का, यावर अभ्यासक अजून भांडतात. गणिताची पद्धत मात्र चोख होती.

१८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल यांच्यासोबतचं त्यांचं ‘द इंडियन कॅलेंडर’ लंडनला छापलं गेलं. त्याच वर्षी मराठीत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आलं. नाव वाचून राशिभविष्य समजू नका. वेदकाळापासूनच्या भारतीय खगोलगणिताचा तो इतिहास आहे. कोणत्याही गाईडने तो प्रबंध म्हणून डोळे झाकून घेतला असता, पण आजच्या नियमांत मास्तरांना प्रवेशाचा फॉर्मच भरता आला नसता.

१८९८ मध्ये दीक्षित गेले. पंचेचाळिशीही पूर्ण झाली नव्हती. तेव्हा ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातच शिकवत होते. पुढे भारत सरकारने त्यांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर दोन भागांत काढलं, पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये.