फादर थॉमस स्टीफन्स यांचे अखंड व्रत



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मन साहजिकच मागे वळते. आरंभीचा उत्साह पुष्कळांस लाभतो. परंतु तो वर्षानुवर्षे कशाच्या बळावर टिकावा, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रात सापडते.

इंग्लंडातील विल्टशायर प्रांती सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. त्या काळी तेथे कॅथोलिक उपासनेस बंदी होती. स्वदेश सोडून ते रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांती वेचला.

१५८३ साली कुंकळ्ळीस त्यांच्या संघाचे पाच जण मारले गेले. तथापि फादरांचे मन या लोकांविषयी कडू झाले नाही. त्याच वर्षी भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन यांशी असलेले साम्य त्यांनी मोठ्या कौतुकाने कळविले.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी स्वभाषेत वाचावयास काहीच नव्हते. ही उणीव फादरांच्या अंतःकरणास लागली. म्हणून त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचिले. ग्रंथ नागरी लिपीत छापावा, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. त्याकरिता १६०८ साली त्यांनी संघाच्या वरिष्ठांस विनंतीही केली. परंतु तसे खिळे काही मिळाले नाहीत. १६१६ साली रायतूर येथे ग्रंथ निघाला तो रोमन अक्षरांत. इष्ट लिपी नाही म्हणून त्यांनी कार्य अडवून धरले नाही. लिपी हे साधन होते. लोकांच्या कानी तारणाची कथा पडावी, हे साध्य होते.

१६१९ साली ते प्रभुचरणी लीन झाले. त्यांची कोंकणी ख्रिस्ती शिकवण १६२२ साली व कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले; दोहोंपैकी एकही छापील प्रत त्यांच्या दृष्टीस पडली नाही. १६८४ साली तर सरकारने देशी भाषेवरच बंदी घातली. तरी पुराण भाविकांच्या घरी हस्तलिखितांत जगले. १९०७ साली ते मंगळूरास पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली पुण्यास नागरीत प्रकट झाले. विनंतीस उत्तर मिळावयास सुमारे साडेतीनशे वर्षे लागली!

बंधुभगिनींनो, स्तुती व यश यांवर जो उत्साह पोसला जातो, तो त्यांच्याबरोबरच ओसरतो. आपण हे कोणासाठी करतो, हे ज्यास पक्के ठाऊक आहे, त्यास फळ पाहण्याची घाई नसते. आपल्या मंदिराचा पाया घालणाऱ्यांपैकी किती जणांनी आजचा हा दिवस पाहिला? आपणही असेच पेरीत राहू; कापणी प्रभूच्या हाती आहे.