अहिल्याबाईंचा माग

औंढा नागनाथाचं देऊळ बघताना नजर खालून वर न्या. खाली काळा पाषाण, हेमाडपंती बांधणी, इंच इंच कोरलेला. वर मात्र पांढरं, साधं शिखर. हिंगोलीच्या पोरांच्या सेल्फीत हे शिखर हमखास असतं. मोगली फौजांनी मोडतोड केलेलं हे वरचं अंग अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं. तेव्हा औंढा निजामाच्या मुलखात होतं, होळकरांचा इथे अंमल नव्हता. देवळं, घाट, विहिरी यांचा असा खर्च त्या राज्याच्या तिजोरीतून नाही, स्वतःच्या खासगीतून करायच्या.

देवळांची यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. कापडाची गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जन्म ३१ मे १७२५, जामखेडजवळच्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलगी लिहायला-वाचायला शिकली, त्या काळात हेच नवल. लहानपणीच मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी लग्न झालं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आतच होत्या. त्या सती जायला निघाल्या, पण सासऱ्याने अडवलं आणि कारभाराला जुंपलं. तोफा, दारूगोळा, रसद यांच्याबद्दल मल्हाररावांनी सुनेला लिहिलेली पत्रं आहेत. सुनेला अशी पत्रं लिहिणारा सासरा आजही शोधावा लागेल!

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. राज्य विधवेच्या हाती आलेलं बघून राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले. बाई हटल्या नाहीत, लढाईची तयारी केली आणि दादांना न लढता परतावं लागलं. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी कारभार स्वतःकडे ठेवला आणि मुक्काम नर्मदाकाठी महेश्वरला हलवला.

तेव्हाचा माळवा म्हणजे सततच्या स्वाऱ्यांनी पिळून निघालेला मुलूख. रस्त्यावर लूट, व्यापारी धास्तावलेले. डोंगरातल्या भिल्लांवर त्यांनी नुसती फौज धाडली नाही. वाटसरूंकडून भिलकवडी नावाचा छोटा कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाटेच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. रस्ता सुरू झाला की बाजार सुरू होतो, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मग त्यांनी विणकर बोलावले. सुरत आणि इतर ठिकाणांहून कोष्टी कुटुंबं महेश्वरला आणून वसवली. पहिलं गिऱ्हाईक खुद्द दरबारच. पाहुण्यांना, नातलगांना भेट द्यायला नऊवारी साड्या आणि पागोट्यांचं कापड इथेच विणलं जाऊ लागलं. हीच महेश्वरी. काठावरची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून आणि नर्मदेच्या लाटांवरून उचललेली. दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा तिचा काठ ही तर खास ओळख.

याला ‘महिला सक्षमीकरण योजना’ म्हणण्याचा मोह आवरायला हवा. मागावर पुरुष बसायचे, बायकांच्या वाट्याला कांड्या भरण्यासारखी कामं यायची. पण घरात बसून, सगळ्या कुटुंबाच्या हाताने चालणारा आणि लढाईवर अवलंबून नसलेला रोजगार उभा राहिला. ज्या राज्याचं पोट मोहिमांवर चालायचं, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

बायकांसाठीचा त्यांचा थेट निर्णय दुसरा होता. वारस नसलेल्या विधवेची संपत्ती सरकारजमा करायची किंवा दत्तक घ्यायला भरमसाट नजराणा उकळायचा, ही तेव्हाची रीत. अहिल्याबाईंनी ती मोडली. नवऱ्यामागे बाईच्या हाती पैसा राहिला नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी १७९१ मध्ये जावई गेले आणि एकुलती एक मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने खूप विनवलं, पण तिने ऐकलं नाही. स्वतः त्या आगीतून परतलेल्या बाईला हे काठावर उभं राहून बघावं लागलं. १३ ऑगस्ट १७९५ ला अहिल्याबाई गेल्या.

संस्थानी आश्रय संपल्यावर आणि गिरणीचं स्वस्त कापड आल्यावर महेश्वरचे माग एकेक करून थंडावत गेले. १९७९ च्या सुमारास होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी तिथे रेहवा सोसायटी सुरू केली. नाव रेवा नदीवरून, म्हणजे नर्मदेवरूनच. इथे बायकांना थेट मागावर बसायला शिकवलं गेलं. आज महेश्वरच्या किल्ल्यात गेलात तर ठकठक ऐकू येते आणि धोटा फेकणारे बरेचसे हात बायकांचे असतात.