गणिती जॉर्ज बूल

इंग्लंडांतील लिंकन येथें १८१५ सालीं एका जोडे शिवणाऱ्याच्या घरीं जॉर्ज बूल जन्मास आला. दारिद्र्यामुळें सोळाव्या वर्षींच त्यास शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली. विद्यापीठाचें शिक्षण त्यास लाभलें नाहीं. तथापि स्वाध्यायाच्या बळावर १८४९ सालीं तो आयर्लंडांतील कॉर्क येथें गणिताचा प्राध्यापक झाला. १८५४ च्या ग्रंथांत त्यानें सत्यास १ व असत्यास ० मानून विचारांचें बीजगणित मांडलें. ‘आणि’नें जोडलेलीं विधानें गुणावयाचीं, एकही ० असलें कीं गुणाकार ०, म्हणजे सारें विधान खोटें. १८६४ सालीं पावसांत भिजून ओल्या वस्त्रांनिशीं व्याख्यान दिल्यावर तो आजारी पडला व निवर्तला. विद्यार्थिमित्रहो, आज संगणकास घातलेली प्रत्येक अट याच पायावर पारखली जाते. त्या स्वयंशिक्षित गुरूचें स्मरण असूं द्या.